शेवटचा नग विकायचा नाही

श्रीधर, तुझा फोन सध्या माझ्या खिशात वाजतो. सुनंदावहिनींनी तो स्वतः आणून माझ्या हातात ठेवला. म्हणाल्या, "दिवसभर गिऱ्हाइकांचे फोन येतात, भाऊजी. मी त्यांना काय सांगू? तुम्हीच बोला." तेव्हापासून मी बोलतोय. चिरगाँवच्या शीतगृहाचा मॅनेजर विचारतो, जुन्या पॅनलचं टायमर कार्ड आहे का. कुणा क्रशरवाल्याला असे रिले हवे असतात, जे बनवणारी कंपनीच आता जगात नाही. समोरचा "पंडितजी, प्रणाम" म्हणून सुरुवात करतो आणि मला सांगावं लागतं की पंडितजी गेले. मग तो हळहळतो, अगदी मनापासून हळहळतो, तुझा एखादा किस्सा सांगतो. आणि फोन ठेवण्याआधी चाचरत विचारतो, "और भाईसाहब, वो कार्ड?"

पहिले काही दिवस मला याचा राग आला. माणूस गेलाय आणि यांना कार्डाची पडलीय. मग लक्षात आलं की लोकांच्या डोक्यात तू आणि ते कार्ड एकाच कप्प्यात आहात. ते तुझी आठवण काढतात तीच मुळी अशी काढतात. तुला हे ऐकून बरं वाटलं असतं, आणि मी चिडलोय म्हणून तू आणखी हसला असतास.

आपला धंदा नवख्याला समजावताना मी काय सांगायचो ते तुला पाठ होतं. कारखान्यात मशीनं असतात आणि त्या मशीनांना हुकूम देणारी एक पेटी असते. कुठली मोटर आधी फिरवायची, कुठली नंतर, कुठे अडकलं तर काय थांबवायचं, हे ती पेटी ठरवते. मशीन दणकट असतं, पिढ्यानपिढ्या चालतं. पेटी मात्र लवकर म्हातारी होते, आणि ती बनवणारी कंपनी "हा माल आता बंद" एवढं सांगून हात झटकते. मग गिरणीवाल्यापुढे दोनच दारं राहतात. एक माझं, म्हणजे जुनी पेटी काढा आणि नवी बसवा. दुसरं तुझं, म्हणजे पेटीतलं जे कार्ड मेलं असेल तेवढं बदला आणि चालू द्या. ही दोन्ही दारं झाशीत लक्ष्मी गेटजवळच्या एकाच दुकानात होती. पुढे माझं काउंटर, मागे तुझं भांडार. भांडार हा तुझ्या घरातला शब्द. बाकी सगळी दुनिया त्याला गोडाऊन म्हणते.

मला तू कायम पाहुणाच म्हणालास. तुझं घराणं झाशीत इतकं जुनं की "आम्ही" म्हणताना तू थेट पेशवाईपासून सुरुवात करायचास. माझे वडील सांगलीहून इथल्या मोठ्या कारखान्यात नोकरीला आले, आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो, आणि पॉलिटेक्निकच्या पहिल्याच दिवशी माझं मराठी ऐकून तू मागच्या बाकावरून विचारलंस, "काय पाहुणे, कधी आलात?" ते जे चिकटलं ते चिकटलंच. वडील निवृत्त होऊन सांगलीला परत निघाले तेव्हा मीही सामान बांधलं होतं. तू येऊन ट्रंकेवर बसलास आणि म्हणालास, "वैसे, दुकानाचा पुढचा भाग रिकामाच आहे, पाहुणे." एवढंच बोललास, भाड्याचं काही नाही, भागीदारीचं काही नाही. माझी झाशी त्या वाक्यावर उभी आहे. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू "चहा घेता का?" म्हणून विषय बदलला असतास.

तर आपलं भांडण.

तू कानपूरच्या, ग्वाल्हेरच्या बंद पडलेल्या गिरण्यांच्या भंगारातून पोती भरभरून जुनी कार्डं आणायचास. टेम्पो दुकानासमोर उभा राहिला की माझं कपाळ दुखायला लागायचं. धुळीनं माखलेल्या, गंजलेल्या, उंदरांनी वायरी कुरतडलेल्या पेट्या. तू त्या धुवायचास, वाळवायचास, दुरुस्त करायचास, आणि खाकी कागदात गुंडाळून कपाटात लावायचास. मी म्हणायचो, "अरे, हे औषध आहे की व्यसन? त्या गिरणीवाल्याला एकदाच नवी पेटी घ्यायला लाव, दहा वर्षं तो सुखी, आपण सुखी." तू म्हणायचास, "आणि दहा वर्षांनी तुझी नवी पेटी म्हातारी झाली की तो कुणाकडे येणार? माझ्याकडेच ना?" हे तू इतक्या शांतपणे म्हणायचास की माझा पारा आणखी चढायचा.

त्यात तुझे ते नियम. शेवटचा नग विकायचा नाही. एखाद्या जातीची चार कार्डं असतील तर तीन विकायची, चौथं कितीही गयावया केली तरी विकायला नाही. मग ज्याची गिरणी बंद पडलीय त्यानं करायचं काय? त्याला ते उसनं द्यायचं. शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तसं. त्यानं ते लावावं, गिरणी चालवावी, त्याचं मेलेलं कार्ड तुझ्याकडे ठेवून जावं. तू ते जिवंत केलंस की त्यानं आपलं घेऊन जावं आणि तुझं परत आणावं. आणि परत आणताना रिकाम्या हातानं यायचं नाही, कारण तुमच्या घरात उसन्याचं भांडं रिकामं परत द्यायची पद्धत नाही. मऊरानीपुरच्या, चिरगाँवच्या माणसांना तू हे असं काही पटवलं होतंस की लोक खरोखरच काहीतरी घेऊन यायचे. कोणी आपल्या अडगळीतली जुनी पेटी, कोणी मेव्हण्याच्या बंद पडलेल्या कारखान्यातला पंखा, कोणी नुसतीच भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. शेंगा मी खायचो आणि पेट्यांना नावं ठेवायचो.

आणि उसनं गेलेल्या कार्डाच्या जागी कपाटात सुपारी. वही ठेव म्हणून मी कितीदा डोकं फोडलं. तू म्हणायचास, पूजेत ज्याची मूर्ती नसते त्याच्या जागी सुपारी मांडतात, तेव्हा गुरुजी वही ठेवतात का? जो परत येणार आहे त्याची जागा मोकळी दिसू नये, बस. कुठलं कार्ड कुणाकडे गेलंय ते तुझ्या डोक्यात असायचं. सुपारी फक्त "येणार आहे" एवढं सांगायला.

पूजेवरून आठवलं. तू हसू नकोस, पण तुझ्या जाण्यानंतर मी सगळ्यात जास्त वेळा हीच गोष्ट लोकांना सांगितली. दुकानाची पहिली खंडेनवमी. तू सगळी कार्डं पाटावर मांडलीस, कोऱ्या कापडावर, फुलं वाहिलीस, आणि शस्त्रांना लावावं तसं प्रत्येक कार्डाला हळदीकुंकू लावलंस. ते नेमकं कुठे लावलंस? त्या सोनेरी दातांवर, जे पेटीच्या खाचेत बसतात आणि ज्यांच्यातून सगळी वीज ये-जा करते. तुला वाटलं, कार्डाचा मुख्य अवयव तोच, तर मान त्याचाच. दसऱ्यानंतर चिरगाँवच्या शीतगृहाला एक कार्ड गेलं आणि तिथला पंखा स्वतःहून चालू-बंद व्हायला लागला. मॅनेजरला वाटलं भूत लागलं. आपण दोघं गेलो, तू कार्ड उपसलंस, आणि खाचेतून कुंकू खाली सांडलं. मॅनेजरनं आधी कुंकवाकडे पाहिलं, मग तुझ्या जानव्याकडे, आणि हात जोडून म्हणाला, "पंडितजी, कछू उतारा करो हतो का?" त्याला वाटलं तू आधीच काही मंत्रतंत्र करून ठेवला होतास. तू अत्यंत गंभीर चेहऱ्यानं म्हणालास, "हओ, अब ठीक है." परतीच्या बसमध्ये आपण इतके हसलो की कंडक्टरनं तिकीट पुन्हा तपासलं. पुढे दरवर्षी कुंकू कपाटाच्या दाराला लागलं, आणि कार्डं मात्र त्या दिवशी एकेक करून पेटीत घालून चालवून बघायची, हा नवा विधी तूच काढलास. पडून राहिलेलं कार्ड आतल्या आत मरतं, वर्षातून एकदा त्याच्यातून वीज खेळली पाहिजे, हे तुझं म्हणणं. ते बरोबर होतं. कुंकवाबद्दल मात्र मी तुला शेवटपर्यंत सोडलं नाही.

आता जे झालं ते सांगतो.

तू गेलास त्याच्या आदल्या आठवड्यात आपलं शेवटचं भांडण झालं ते साहूजींच्या डाळमिलवरून. मऊरानीपुरची ती मिल, आणि तिची ती जुनी पेटी, जिचं मोटरींना हुकूम पोचवणारं कार्ड अधूनमधून दगा देत होतं. मी साहूजींना नव्या पेटीसाठी तयार केलं होतं. पेटी मागवली, आली, काउंटरवर खोक्यात ठेवली. तुझ्या कपाटात त्या जातीचं एक कार्ड होतं, शेवटचं. तू म्हणालास, आधी ते लावून चालव. मी म्हणालो, मेलेल्याला किती दिवस सलाईन लावणार? तू उठलास, चप्पल घातलीस आणि दारातून म्हणालास, "पाहुणे, आधी ते चालताना तर बघ." मला वाटलं, झालं, म्हातारबुवांचा हट्ट. भांडण उद्यावर ठेवून आपण घरी गेलो. तसे किती उद्या आले होते, त्यामुळे मला त्याची घाई नव्हती.

तुझे दिवस झाले. अनिकेतला बेंगळुरूला परत जायचं होतं. तुझ्या मुलाचं मराठी तुला ठाऊकच आहे, समजतं सगळं, बोलताना हिंदीत घसरतो. तो दुकानात आला, भांडाराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "काका, ये सब कौन सँभालेगा?" त्यानं एका भंगारवाल्याशी बोलणं केलं होतं. तो टेम्पो घेऊन येणार होता, सगळं एकदम उचलणार होता. अनिकेतचं काही चूक नव्हतं. वहिनींना या पसाऱ्यात अडकवून तो जाणार कसा? पण शेवटी तो म्हणाला, "आप जो कहेंगे वही होगा. पप्पा का पार्टनर तो आप हैं."

आणि बघ, श्रीधर, इतक्या वर्षांचा वाद मला एका शब्दात जिंकता येणार होता. "ने" म्हटलं की संपलं. समोर तू नव्हतास. मी तो शब्द तोंडात घोळवला आणि सांगितलं, "उद्या सांगतो." तुझ्याशिवाय जिंकण्यात मजा येईना, हे एक कारण. दुसरं कारण असं की तेवढ्यात तुझा फोन वाजला. साहूजी. मिल बसली होती. आवारात मसूर येऊन पडला होता, आभाळ भरून आलं होतं, आणि एकही मोटर हलत नव्हती.

मी खोकं उचललं आणि निघालो. खोटं कशाला बोलू, मला जरा उत्साहच आला. तुझं कार्ड कपाटात समोर दिसत होतं, मी ते मुद्दाम नेलं नाही. मनात म्हटलं, आता बघच.

मऊरानीपुरला पोचलो, जुनं पॅनल उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला वायरिंगचा नकाशा वाळवीनं खाल्लेला. जुन्या पेटीतला कार्यक्रम, म्हणजे तिच्या हुकुमांची यादी, बाहेर काढायचा तर तिची केबल आणि सॉफ्टवेअर आता कुठे मिळणार? मला त्याची चिंता नव्हती, असल्या मिली मी किती केल्यात. मी मिस्त्रींना विचारलं, कुठली मोटर आधी, कुठली नंतर. मोठ्या मिस्त्रीनं एक क्रम सांगितला. धाकट्यानं दुसरा. दोघांची जुंपली. एक म्हणे चाळणी आधी, दुसरा म्हणे काए, दाणे वर चढवणारा एलिवेटर आधी. साहूजी तिसरंच काहीतरी सांगायला लागले. सगळे रोज ती मिल चालवत होते, आणि बटण दाबल्यावर पुढचं सगळं पेटी आपोआप करते म्हणून कुणी कधी नीट पाहिलंच नव्हतं. जिला माहीत होतं ती पेटी समोर होती. तिचा मेंदू शाबूत होता. तिचे दिवे लुकलुकत होते, ती हुकूम देत होती. पण हुकूम मोटरींपर्यंत नेणारं कार्ड मेलेलं, त्यामुळे एकही पट्टा फिरत नव्हता आणि मला काहीच दिसत नव्हतं.

आधी ते चालताना तर बघ.

मी तिथेच पोत्यावर बसलो. मला वाटतं मी तुला एक शिवीसुद्धा दिली. इतकी वर्षं तू हे भांडलास ते मला वाटायचं जुन्याच्या प्रेमापोटी. भंगार जपायचा छंद, घराण्याचा स्वभाव. तू तर माझ्याच कामाची गोष्ट सांगत होतास. नव्या पेटीला शिकवायचं कुणी? जुनीनं. आणि शिकवायचं तर ती आधी चालली पाहिजे. एक वाक्य जास्त बोलला असतास तर काय बिघडलं असतं? पण तुला दारातून अर्धं बोलून निघून जायची खोडच होती, आणि या वेळी तू जरा जास्तच लांब निघून गेलास.

अनिकेतला फोन केला. मधलं कपाट, खिडकीच्या बाजूचा कप्पा, खाकी कागदातलं कार्ड, दातांना हात लावू नकोस, रुमालात धर. तो गाडी काढून निघाला. पोचला तेव्हा त्याच्या शर्टावर पावसाचे थेंब होते आणि कार्ड त्यानं शर्टाच्या आत, पोटाशी धरलं होतं. तुझा मुलगा आहे, हे मला तेव्हा पटलं.

कार्ड बसवलं. साहूजींनी बटण दाबलं. आधी एलिवेटर घरघरला, मग चाळणी, मग रोलर, एकामागून एक सगळी मिल उठून उभी राहिली. मिस्त्री आवाराकडे धावले. अनिकेत पॅनलसमोर तसाच उभा राहिला, त्या दिव्यांकडे बघत. त्याच्या बापाचं काम त्यानं कपाटात गुंडाळलेलं पाहिलं होतं, चालताना पहिल्यांदाच पाहत होता. त्यानं मला विचारलं, "ये पप्पा ने ठीक किया था?" मी म्हणालो, "हो. आणि दरवर्षी खंडेनवमीला चालवून बघायचा. म्हणून आज चाललं."

मी तिथे संध्याकाळपर्यंत बसलो. मोबाईलवर दिव्यांचं चित्रण केलं, घड्याळ लावून बसलो, पुन्हा पुन्हा चालू-बंद करायला लावलं. आणि तुला सांगतो, कुणालाच माहीत नसलेली एक गोष्ट सापडली. मिल बंद करायचं बटण दाबलं की दाणे पडायचे थांबतात, रोलर थांबतो, पण एलिवेटर बराच वेळ एकटाच फिरत राहतो. तेवढ्या वेळात मिस्त्री हात धुवायला गेलेले असतात, म्हणून त्यांना पत्ताच नाही. तो फिरतो ते आपल्या डब्या रिकाम्या करायला. भरल्या डब्यांनी दुसऱ्या दिवशी चालू केला तर मोटर जळेल. मिस्त्रींच्या सांगण्यावरून मी नवी पेटी बसवली असती तर मोटर जळाली असती आणि मी मोटरवाल्याच्या नावानं बोटं मोडली असती. ही अक्कल ज्या कुणी त्या पेटीत घातली तो माणूस कुठे असेल देव जाणे. पण त्याची अक्कल तुझ्या एका कार्डामुळे माझ्यापर्यंत पोचली.

आता तू एवढा खूश होऊ नकोस. हंगाम संपला की साहूजींकडे नवी पेटी बसणार म्हणजे बसणार. ती जुनी आज उठली, उद्या पुन्हा बसेल, आणि तेव्हा कार्ड नसून मेंदूच गेलेला असेल, मग तुझं भांडारही काही करू शकणार नाही. यात मी तसूभरही मागे हटणार नाही. तू समोर असतास तरी नसतो हटलो. पण तोपर्यंत तुझं कार्ड तिथे चालेल आणि मी माझ्या पेटीला नीट शिकवीन. अर्धा वाद तुझा, अर्धा माझा. एवढ्या वर्षांत आपण इतक्या जवळ कधी आलो नव्हतो, आणि तू ऐकायला नाहीस, याचं मला फार वाईट वाटतं. फार म्हणजे फारच. रोज दुपारी चहा आला की मी अजून मागे वळून आवाज द्यायला जातो.

निघताना साहूजी गाडीपर्यंत आले. त्यांनी तुझ्याकडून कितीदा उसनं नेलं आणि परत आणलं, त्यांना रीत पाठ. पण आज त्यांचा गोंधळ झाला. गाडीच्या खिडकीत हात ठेवून हळूच म्हणाले, "काए भैया, पंडितजी तौ रहे नईं. अब जौ कार्ड लौटाएँ की खों?"

अनिकेत माझ्याकडे बघायला लागला. कार्ड आता परत कुणाला द्यायचं, याचं उत्तर त्यालाही हवं होतं.

मी म्हणालो, "दुकान पे लाइएगा, साहूजी. हम वहीं बैठे हैं. और खाली हाथ मत आइएगा."

साहूजी म्हणाले, "हओ."

परतीच्या वाटेवर बरुआसागर मागे पडल्यावर अनिकेतनं एकदम विचारलं, "काका, कपाटात दोन-तीन जागी सुपारी का आहे?" मराठीत विचारलं, न घसरता. मी त्याला सगळं सांगितलं, उसन्याचं, वाटीचं, पूजेचं. तो ऐकत राहिला. दुकानाशी पोचल्यावर त्यानं पहिलं काम काय केलं असेल तर भंगारवाल्याला फोन करून टेम्पो आणू नको म्हणून सांगितलं. मला विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. मग घरी जाऊन वहिनींकडून दोन सुपाऱ्या घेऊन आला. वहिनीही त्याच्या मागोमाग आल्या, पदर डोक्यावरून घेऊन भांडाराच्या दाराशी उभ्या राहिल्या. अनिकेतनं खिडकीच्या बाजूच्या कप्प्यात, साहूजींच्या कार्डाच्या जागी, त्यातली एक सुपारी ठेवली. वहिनी म्हणाल्या, "थोडी आत सरकव. हे अशी कडेला ठेवत नसत." त्यानं आत सरकवली.

ते दोघं घरी गेल्यावर मी भांडार आवरलं. बाकीच्या सुपाऱ्या कुणाकुणाच्या आहेत ते मला ठाऊक नाही, ते तू बरोबर घेऊन गेलास. पण काळजी करू नकोस, ज्यांच्याकडे कार्डं आहेत त्यांना ठाऊक आहे, आणि ते येतील. तुझी माणसं आहेत, येतातच. आता शेवटचा नग मीही विकणार नाही. नव्या पेट्या मात्र विकणार, जोरात विकणार, आणि प्रत्येक नव्या पेटीमागोमाग तिचंही एक कार्ड कपाटात ठेवणार, कारण तीही म्हातारी होणार आहे.

जाताना दिवा मालवण्याआधी अनिकेतनं आणलेल्या सुपाऱ्यांतली उरलेली एक माझ्या हातात होती. तुझी खुर्ची समोर होती, रिकामी. ती खुर्चीवर ठेवायला मी हात पुढे केला. मग सुपारी खिशात टाकली, श्रीधर. ती परत येणाऱ्यासाठी असते.